राळ, लाख आणि रंग

गेल्या काही वर्षांत जत्रेत, प्रदर्शनात आणि तालुक्याच्या बाजारातसुद्धा एका नव्या तऱ्हेच्या वस्तू दिसू लागल्या आहेत. काचेसारखी थाळी आणि तिच्या पोटात वरमाळेतली सुकवलेली फुले. सागाच्या दोन फळ्यांमधून निळी नदी वाहत गेल्यासारखे दिसणारे मेज. घड्याळाच्या तबकडीवर समुद्राची लाट. ही काच नव्हे. दोन बाटल्यांतले दोन द्रव एकत्र करावयाचे, त्यात रंग घालावयाचा, साच्यात ओतावयाचे आणि दुसऱ्या दिवशी घट्ट झालेला तुकडा काढून घ्यावयाचा, असा हा प्रकार आहे. या द्रवाला इपॉक्सी राळ म्हणतात. खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ तरुण मुलामुलींनी हा उद्योग घरी सुरू केला आहे, आणि त्यांची पहिली अडचण बहुधा एकच असते. यात रंग कोणता घालावा? कुणी हळद घालून पाहते, कुणी रांगोळी, कुणी शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचा रंग. एखादा साधतो. एखाद्याने सगळा माल गढूळ होतो, किंवा चिकटच राहतो, किंवा दोन महिन्यांत उडून जातो.

श्रोते हो, ही अडचण आजची नाही. इपॉक्सी नवी असेल, पण राळेत रंग बसवण्याची खटपट आपल्या देशात फार जुनी आहे. तिची लेखी साक्षदेखील चारशे वर्षांपूर्वीची आहे. त्या खटपटीत कारागिरांनी काय काय घालून पाहिले, त्यातले काय टिकले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे आज आपण पाहू. शिक्षक मंडळींनी थोडे अधिक लक्ष द्यावे. वर्गात दाखवता येण्याजोगे यात पुष्कळ आहे.

प्रथम एक साधा भेद ध्यानात घेऊ. बाभळीचा डिंक पाण्यात टाकला तर रात्रभरात तो विरघळतो. परंतु देवापुढे निखाऱ्यावर टाकतो ती राळ पाण्यात महिनाभर ठेवली तरी जशीच्या तशी राहते. ती विरघळते स्पिरिटात किंवा टर्पेंटाइनमध्ये. दिसायला दोन्ही झाडाचेच चीक, पण एकाचे गोत्र पाण्याचे आणि दुसऱ्याचे तेलाचे. जो रंग पाण्यात खुलतो तो राळेत खुलेलच असे नाही. पुष्कळदा तो राळेशी भांडतोच. आजची सारी हकिगत या एका भेदावर उभी आहे.

आता लाखेकडे येऊ. लाख ही झाडाची राळ नव्हे, किड्याची आहे. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे बारीक किडे हजारोंनी बसतात, रस शोषतात आणि आपल्या अंगाभोवती एक चिकट कवच तयार करतात. ते कवच म्हणजे लाख. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोली या भागांत लाखेचे पीक घेतात. ओळख तर फारच जुनी. अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे, आणि महाभारतातले लाक्षागृह तर कीर्तनात न ऐकलेला माणूस विरळा. सोनाराने बोरमाळेच्या पोकळ मण्यात भरलेली लाख, पार्सलावरची लाल मोहर, लाखेने बंद केलेले पत्र म्हणून ‘लाखोटा’ हा शब्द, या साऱ्यांतून लाख आपल्या घरात आणि बोलण्यात वावरत आली आहे.

पण यातली खरी गंमत पुढेच आहे. हा किडा आपल्याला दोन वस्तू देतो. एक म्हणजे राळ आणि दुसरी म्हणजे लाल रंग. पूर्वी बायका पायाला अळिता लावीत, तो याच लाखेचा रंग. संस्कृतात त्याला अलक्तक म्हणत. कच्ची लाख कुटून पाण्यात धुतली की पाणी लालभडक होते आणि खाली तपकिरी राळ उरते. म्हणजे एकाच किड्याच्या पोटी जन्मलेली ही दोन भावंडे, पण स्वभाव अगदी निराळे. रंग पाण्याचा मित्र आणि राळ पाण्याची वैरीण. साहजिकच कारागिराला उठावदार लाल लाख हवी असली की तो लाखेचा स्वतःचा रंग धुऊन काढून टाकी आणि तिच्यात बाहेरून दुसराच लाल रंग आणून घाली! कोणता, ते अकबराच्या दप्तरात लिहिलेले सापडते.

अबुल फज़ल याने सुमारे १५९० साली ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. राज्यकारभाराचे बारीकसारीक हिशेब त्याने त्यात घातले आहेत. हत्तीला चारा किती, विटेला दर काय, सुताराला मजुरी किती, असे सगळे. त्यातच दारावर टांगायच्या चिकांना, म्हणजे वेळूच्या पडद्यांना, लाख कशी चढवावी याचे प्रमाण दिले आहे. तांबड्या रंगासाठी चार शेर लाखेत एक शेर हिंगूळ. पिवळ्या रंगासाठी चार शेर लाखेत एक शेर हरताळ. एवढीच नोंद आहे, पण ती मला मोठी बोलकी वाटते. कारण राळ किती आणि रंग किती, हा जो प्रश्न आजची मुलगी इपॉक्सीची बाटली हातात घेऊन विचारते, त्याचेच हे शेरांत दिलेले उत्तर आहे.

चारास एक हे प्रमाण आजच्या मानाने फारच जड आहे. इतका रंग का लागे? कारण लाखेला स्वतःचा रंग असतो. ती गुळाच्या पाकासारखी तांबूस-तपकिरी दिसते. तिच्यात थोडा पिवळा घातला तर तो मातकट दिसणार, थोडा निळा घातला तर हिरवट. लाखेचा मूळ रंग झाकायचा म्हणजे भरपूर आणि जड अंगाचाच रंग हवा. शिवाय लाख निखाऱ्यावर मऊ करावी लागते. फुलापानांचे पुष्कळ रंग त्या आचेत काळवंडतात. दगडातून निघालेले हिंगूळ आणि हरताळ मात्र मंद आचेला दाद देत नाहीत. म्हणून पिढ्यान् पिढ्या अनुभव घेत कारागीर या खनिजांवर येऊन थांबले असावेत. हिरवा हवा असला तर हरताळात नीळ मिसळीत, पांढरा हवा असला तर शिशाचा सफेदा घालीत.

हरताळ म्हटल्यावर तुम्हाला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आठवला असेल. तो याच हरताळाचा. पोथी लिहिताना एखादे अक्षर चुकले तर लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि त्यावर शुद्ध अक्षर लिही. जुन्या हाती कागदाचा रंग पिवळसरच असल्यामुळे तो लेप मिसळून जाई. शिवाय पोथीला कसरही लागत नसे. मराठीच्या गुरुजींनी वाक्प्रचार शिकवताना ही गोष्ट जरूर सांगावी.

आता कसर का लागत नसे, ते पाहा. हरताळात सोमल असते. रसायनशास्त्राच्या भाषेत तो आर्सेनिक आणि गंधक यांचा संयोग आहे. हिंगुळात पारा असतो. शेंदूर आणि सफेदा ही दोन्ही शिशाची रूपे आहेत. म्हणजे जुन्या लाखेच्या रंगपेटीत सोमल, पारा आणि शिसे हे तिघेही मानाने बसलेले होते. हिंगूळ आणि हरताळ पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे त्यांचा उपद्रव लगेच दिसून येत नाही. परंतु लाख तापवताना आच वाढली, हरताळ जळू लागला, तर त्याचा जो पांढरा धूर निघतो तो साक्षात सोमलाचा. खलात रंग घोटणाऱ्याच्या श्वासात त्याची धूळ जाते. शिशाची तर गोष्टच निराळी आहे. ते अंगात साठत जाते आणि मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या मेंदूला अधिक बाधते. आणि लाखेचे काम कुठे कुठे होत असे? पडद्यांवर, पलंगाच्या पायांवर, आणि मुलांच्या खेळण्यांवर. खेळणे हातात आले की मूल ते तोंडात घालणारच. त्याला कोण अडवणार?

खेळण्यांचा विषय निघाला म्हणजे सावंतवाडीला जायलाच हवे. तिथल्या चितारआळीत चिताऱ्यांची घरे आहेत. लाकडी फळे, भातुकली, भोवरे, पाट, पाळण्याचे सामान यांनी या गावाचे नाव दूरवर गेले. कातीव लाकडावर लाख चढवण्याची रीत पाहण्यासारखी असते. आधी लाख निखाऱ्यावर मऊ करून तिच्यात रंग मळतात. ती ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात, अशाने रंग सगळीकडे सारखा पसरतो. मग तिच्या कांड्या करतात. लाकडाचा तुकडा लेथवर, म्हणजे कातकामाच्या फिरत्या यंत्रावर, चढवतात आणि तो फिरत असताना ही कांडी त्यावर दाबून धरतात. घासण्यानेच उष्णता निर्माण होते, कांडीचे टोक वितळते आणि रंग लाकडावर पट्ट्यांनी चढत जातो. कर्नाटकात चन्नपट्टण येथेही हेच काम चालते. तिथे काळ्या कुड्याचे लाकूड वापरतात आणि शेवटी केवड्याच्या जातीचे पान त्यावर दाबून चकाकी आणतात. कुंचला नाही, पाणी नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. राळ आणि रंग आधी एकजीव झाले, आणि मग ते लाकडावर गेले.

याच सावंतवाडीचे दुसरे काम म्हणजे गंजिफा. दशावतारी गंजिफांचे १२० गोल पत्ते असतात. दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा पत्ते. त्यांच्यावरची चित्रे बारीक कुंचल्याने काढावयाची, म्हणजे रंग वाहता हवा, पाण्यात कालवलेला हवा. मग त्याला डिंकाचा आधार देतात, आणि चित्र वाळल्यावर वरून लाखेचा हात फिरवतात. पाहिलेत ना? जिथे पाण्याचा रंग हवा तिथे कारागिराने तो लाखेत मिसळण्याचा हट्ट धरला नाही. खाली डिंकाचे घर आणि वर राळेचे छप्पर, अशी त्याने वाटणी केली. ही कला विझत चालली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या चिताऱ्यांना हाताशी धरून तिला पुन्हा उभे केले, ही मोठी गोष्ट झाली.

एकोणिसाव्या शतकात मात्र सगळा बाजारच फिरला. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी कोयनेल करण्याच्या खटपटीत होता. ते त्याला साधले नाही, पण डांबरापासून काढलेल्या द्रव्यातून त्याला एक जांभळा रंग सापडला. त्यामागोमाग अशा रंगांची रांगच लागली. लाखेचा लाल रंग तोपर्यंत कापड रंगवण्यासाठी विलायतेला जात असे. तो व्यापार पुढल्या काही दशकांत बसला. परंतु याच नव्या रंगांतले पुष्कळसे स्पिरिटात विरघळत. लाखही स्पिरिटात विरघळते. झाले! पहिल्यांदाच कारागिराच्या हाती असा रंग आला की जो लाखेत कणाकणाने तरंगत न राहता साखरेसारखा विरघळून जातो. लाल काचेसारखी लाख, हिरव्या काचेसारखी लाख. तिच्यातून आतल्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात अशी. चारास एक हे प्रमाण गेले आणि चिमटीभर रंग पुरू लागला.

फक्त हे रंग उन्हात टिकत नसत. खिडकीतले खेळणे एका उन्हाळ्यात फिके पडे. हिंगूळही उजेडात काळपट पडतो हे खरे, पण दगडाचा रंग आणि डांबराचा रंग यांच्या आयुष्यात फरक राहिलाच. रंगाच्या या दोन जाती इथे नीट समजून घ्या, कारण इपॉक्सीतही त्याच दोन जाती आहेत. एक विरघळणारा आणि दुसरा तरंगणारा. विरघळणारा रंग पारदर्शक असतो, थोडा लागतो, बहुधा लवकर उडतो. तरंगणारा रंग झाकतो, अधिक लागतो, तळाशी बसतो, पण बहुधा जास्त टिकतो.

लाखेला या काळात आणखी एक धनी मिळाला, तो ग्रामोफोन. जुन्या तबकड्या लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या लगद्याच्या असत. इतकी वर्षे गाणे देणारी ती तबकडी काळी दिसे ती काजळीमुळे. लाखेची मागणी एवढी वाढली की १९२४ साली रांचीजवळ नामकूम येथे लाखेच्या संशोधनासाठी खास संस्था स्थापन झाली. परंतु तोपर्यंत लाखेचा प्रतिस्पर्धी जन्मालाही आला होता. विजेच्या तारांना लाखेचे वेष्टण लागे. लाख महाग होऊ लागली तेव्हा तिला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलंड याने अमेरिकेत १९०७ साली बेकेलाइट तयार केले. माणसाने रसायनांपासून पूर्णपणे तयार केलेली ही पहिली राळ.

बेकेलाइट कणखर खरे, पण रंगाच्या बाबतीत मोठे हट्टी. ते मुळातच गडद, आणि त्यात भर म्हणून लाकडाचा भुसा घालीत. म्हणून जुन्या रेडिओच्या पेट्या, विजेची बटणे, टेलिफोन हे सारे तपकिरी किंवा काळे. आजोबांच्या काळातला रेडिओ काळा का, असे मुलांनी विचारले तर हे उत्तर आहे: त्या राळेत दुसरा रंग उठतच नव्हता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस भुश्याविना ओतलेली, उजळ रंगांची एक जात निघाली. तिचे रेडिओ फार देखणे झाले. परंतु ती राळ वयाबरोबर पिवळी पडे. पांढरी पेटी लोण्याच्या रंगाची होई आणि निळी पेटी हिरवी! म्हणजे लाखेच्या कारागिराला छळणारा मूळ रंगाचा प्रश्न नव्या राळेत म्हातारपणी परत आला.

आणि मग इपॉक्सी. स्वित्झर्लंडमध्ये प्येर कास्तान नावाचे रसायनशास्त्रज्ञ दातांचे सामान करणाऱ्या एका कारखान्यात काम करीत. कवळीसाठी चांगला पदार्थ शोधताना त्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही राळ सिद्ध केली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हेही त्याच वाटेने आले. कवळी राहिली बाजूला. पण ही राळ जिथे लागली तिथे घट्ट चिकटते, हे ध्यानात आले. १९४६ साली बाझेलच्या प्रदर्शनात ती चिकटवण्याचे द्रव्य म्हणून मांडली गेली. दोन नळ्यांतला ‘अराल्डाइट’ आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तोच हा वंश. एका नळीत राळ आणि दुसरीत तिला घट्ट करणारा हार्डनर. दोन्ही एकत्र झाले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफत जातात, उष्णता बाहेर पडते आणि शेवटी असे जाळे तयार होते की ते पुन्हा वितळत नाही. लाख तापवली की पुन्हा मऊ होते. इपॉक्सी होत नाही. ओतण्यासाठी केलेली इपॉक्सी तर पाण्यासारखी स्वच्छ असते. कारागिराला अशी राळ मिळाली की जिला स्वतःचा असा रंग जवळजवळ नाही.

मग आता काहीही घातले तरी चालेल, असे वाटते खरे. पण नाही. इथे जुना भेद पुन्हा पुढे येतो. पाण्यात कालवलेला रंग, मग तो शाळेतला जलरंग असो वा भिंतीचा, इपॉक्सीत घातला की त्यातले पाणी गुंफणीच्या आड येते. तुकडा गढूळ होतो, फुगे धरतो, कधी चिकट राहतो. अगदी चार-दोन थेंब निभावतात. पण निभावले म्हणून पाच चमचे घालू नयेत. कपड्यांना घालायची द्रव नीळही याच कारणाने नको. मात्र तिचीच जुनी कोरडी पूड, जिला अल्ट्रामरीन म्हणतात, ती उत्तम चालते. एके काळी हा निळा अफगाणिस्तानातल्या एका रत्नासारख्या दगडापासून काढीत आणि तो सोन्याच्या भावाने विके. १८२८ च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत तो कृत्रिम रीतीने तयार झाला आणि थेट धुण्याच्या बादलीत येऊन पडला.

हळदीचे पाहा. हळद घालून पाहिली नाही असा नवशिका भेटणे कठीण. हळदीत चुना कालवला की कुंकवासारखा लाल रंग येतो, हे घरातल्या कुणालाही माहीत आहे. चुना अल्कधर्मी असतो, आणि इपॉक्सीचा हार्डनरही बहुधा अल्कधर्मीच असतो. म्हणून हळद त्यात लालसर पडू शकते. आणि जो काही रंग येईल तो उन्हात उडणार हे नक्की, कारण हळदीचा रंग उजेडाला फार भितो. हळदीचे बोट लागलेला सदरा उन्हात वाळत घातला तर डाग जातो तो त्यामुळेच. याउलट गेरू आणि काव. हे तर लोखंडाचा गंजच. त्यांना जे व्हायचे ते पूर्वीच होऊन गेलेले आहे. ना ऊन त्यांचे काही करते, ना हार्डनर. गेरू वस्त्रगाळ करून, उन्हात खडखडीत वाळवून घातला तर विकतच्या रंगापेक्षा कमी ठरत नाही. काजळीही तशीच, पण ती इतकी जोरकस असते की सुईच्या टोकावरची पुरते.

बाजारात चमकीची पूड मिळते, ती अभ्रकाची. अभ्रकाच्या पातळ कपच्यांवर टायटॅनियमच्या भस्माचा अतिशय झिरझिरीत थर देतात. रस्त्यावरच्या पाण्यावर तेल सांडले की जसे रंग दिसतात, तसे या थरामुळे दिसतात. ही युक्ती १९६० च्या दशकापासून रूढ झाली. याच टायटॅनियमच्या भस्माने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पांढऱ्या रंगातून शिशाच्या सफेद्याला हुसकवायला सुरुवात केली, हे त्याचे मोठेच उपकार. आणि मेजावरच्या नदीचा जो झगझगीत निळा असतो, त्याचा जन्म तर अपघाताने झाला. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या एका रंगाच्या कारखान्यात भांड्याच्या आतला काचेचा मुलामा तडकला, आतले रसायन लोखंडाला लागले आणि भलताच निळसर पदार्थ दिसू लागला. कुणी तो कचरा म्हणून फेकून दिला नाही, तपासला. पुढे लोखंडाऐवजी तांबे घालून त्याचा रंग केला आणि तो १९३५ साली बाजारात आला. आज छापखान्यापासून राळेपर्यंत निळ्या-हिरव्या छटांत हाच सर्वत्र आहे.

प्रमाणाविषयी सांगावयाचे म्हणजे, अकबराच्या कारखान्याचे चारास एक इथे चालणार नाही. शंभर भाग राळेला पाच-सहा भागांपलीकडे रंग घालू नये, असे साधारणपणे सांगतात; पुष्कळदा एक-दोन भागच पुरे होतात. रंग प्रथम राळेच्या भागात घोटावा आणि हार्डनर मागाहून घालावा. राळ आणि हार्डनर यांचे बाटलीवर छापलेले प्रमाण मात्र रंगासाठी कधीही बदलू नये. रंग फिका झाला तर दिसायला फिका, एवढेच. पण हार्डनर कमी-जास्त झाला तर माल कायमचा चिकट.

आता विषाचे. शिसे रंगातून हद्दपार करायला आपल्याला फार उशीर लागला. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. खेळण्यांना भारतीय मानकाची खूण २०२१ च्या जानेवारीपासून सक्तीची झाली. लाखेच्या खेळण्यांतही पुष्कळ ठिकाणी हळद, कात, नीळ यांसारख्या वनस्पतीच्या रंगांचा वापर पुन्हा सुरू झाला आहे. पण पूजेच्या दुकानातला शेंदूर अजूनही कुणी केशरी रंग म्हणून राळेत घालते. तसे करू नका. त्यात शिसे असू शकते, आणि तुकडा घासून गुळगुळीत करताना जी धूळ उडते ती आपल्याच नाकात जाते. राळ आणि हार्डनरही उघड्या हाताने हाताळण्याच्या वस्तू नव्हेत. काहींच्या हातावर त्यांनी खाज आणि पुरळ उठते, आणि एकदा ती ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा स्पर्शानेही उठते. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, घासताना पाणी मारून घासावे म्हणजे धूळ बसते. शाळेत हे काम मोठ्यांनी करावे आणि मुलांनी थोडे दूर बसून पाहावे.

वर्गात करून पाहायचे असेल तर फार राळ लागत नाही. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे खळगे साच्यासारखे वापरता येतात. एका खळग्यात गेरू, दुसऱ्यात निळीची पूड, तिसऱ्यात हळद, चौथ्यात काजळी, पाचव्यात चित्रकलेचा पाण्याचा रंग आणि सहाव्यात काहीच नाही, असे सहा ठोकळे ओतावेत. हे सहावे विसरू नये. इपॉक्सी स्वतःसुद्धा उन्हात पिवळी पडते, आणि दोष रंगाचा की राळेचा हे त्याच्यावरूनच कळते. दोन दिवसांनी ठोकळे पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवावेत, खाली रंगाचे नाव, वजन आणि तारीख लिहावी, आणि प्रत्येक ठोकळ्याचा अर्धा भाग झाकेल अशी काळ्या कागदाची पट्टी वरून बांधावी. होळीच्या सुमारास हा पुठ्ठा शाळेच्या ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवावा. जूनमध्ये शाळा पुन्हा भरली म्हणजे मुलांसमोर पट्टी सोडावी.